हाताचा एक्स-रे, मुलाचं वय आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचा वाद

"हाड खोटं बोलत नाही," असं संज्या ठासून म्हणाला आणि शनिवारचा कट्टा त्या एका वाक्याभोवती दीड तास पेटला.

विषय होता त्याच्या क्रिकेटच्या नेट्सवरच्या एका पोराचा. 16 वर्षांखालच्या एका निवडीत मनगटाचा एक्स-रे काढला, हाडाचं वय जास्त निघालं, नाव गळलं. त्याची आई जन्मदाखला घेऊन चार ठिकाणी जाऊन आली, पण कुणी तो उघडून पाहिला नाही. संज्याच्या मते ते बरोबरच झालं. त्याचा राग मला कळतो. वय लपवून कुणी खेळला की खरोखर पंधरा वर्षांचा असलेला मुलगा बाहेर बसतो, आणि हे त्याने डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय.

सुन्या परळच्या एका रुग्णालयात एक्स-रे काढतो. तो म्हणाला, "अरे, फिल्मवर वय छापलेलं नसतं. मला दिसते ती फट."

ती फट म्हणजे काय, हे त्याने स्वतःच्या डाव्या मनगटावर बोट ठेवून सांगितलं. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिच्यातल्या पेशी दुभंगत जातात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या एकीवर एक रचल्या जातात. मग त्या फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड येतं. हाड लांबतं ते इथे, मधे नाही. स्टीफन हेल्सने 1727 मध्येच हे दाखवलं होतं. त्याने कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला दोन भोकं पाडली. हाड वाढलं, भोकांमधलं अंतर तेवढंच राहिलं. एक्स-रे यायला तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं होती. कूर्चेत कॅल्शियम नसल्यामुळे किरण तिच्यातून आरपार जातात, म्हणून फिल्मवर तिथे काळी रेघ दिसते.

"म्हणजे रेघ मिटली की वाढ थांबते. मी तेच म्हणतोय," संज्या.

"उलटं आहे. आधी वाढ थांबते, मग रेघ मिटते."

इथे मी कान टवकारले, कारण इतकी वर्षं मीही संज्यासारखंच समजत होतो. चकतीतल्या पेशींची दुभंगायची ताकद हळूहळू संपत जाते. चकती पातळ होते, दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये बारीक पूल तयार होतात आणि शेवटी सगळं एकजीव होतं. उंदरांचं हाड वाढायचं जवळजवळ थांबतं, तरी त्यांची चकती पूर्ण मिटत नाही. त्यांच्या हाडांचा सूक्ष्म सीटी स्कॅन काढला की हे पूल त्रिमितीत दिसतात, एकेक मोजताही येतात. साध्या फिल्मवर मात्र आपल्याला गोष्टीचा शेवटच दिसतो, कारण दिसत नाही.

कारण बरंचसं हार्मोन्समध्ये आहे, आणि ते ऐकून कट्ट्यावर सगळेच गप्प झाले. मुलग्यांच्या ग्रोथ प्लेट्ससुद्धा मिटवतं ते इस्ट्रोजेन, बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन. 1994 मध्ये एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. उंची 204 सेंटिमीटर, तरी वाढ चालूच, हाडाचं वय 15. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन व्यवस्थित होतं, पण जनुकातल्या दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हतं. त्याच्या ग्रोथ प्लेट्स मिटल्याच नव्हत्या.

म्हणूनच वयात लवकर येणारा पोरगा वर्गात आधी उंच होतो आणि आधी थांबतो. सातवीतच मिशी फुटलेला एखादा प्रत्येक शाळेत असतो. त्याचं हाड दाखल्याच्या पुढे धावत असतं आणि त्यात फसवणूक काहीच नसते. (लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या उंची वाढवण्याच्या जाहिरातींबद्दल इथेच सांगून टाकतो. रेघ मिटल्यावर कुठल्याही पावडरीने उंची वाढत नाही. त्या पैशांची फळं आणा.)

"पण सरासरी नावाची काही गोष्ट आहे की नाही?" संज्या हटेना.

आहे, पण कुणाची? हाडाचं वय काढायला फिल्म ज्याच्याशी ताडून बघतात, तो ग्रूलिक आणि पाइल यांचा हाताच्या एक्स-रेंचा चित्रसंग्रह 1950 चा. त्यातली चित्रं अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या, बऱ्या घरच्या गोऱ्या मुलांची, 1931 ते 1942 मधली. टॅनर-व्हाइटहाउसची पद्धत जास्त काटेकोर आहे. तिच्यात मनगट आणि बोटांच्या तेरा हाडांना टप्प्यांप्रमाणे गुण देतात आणि 1000 झाले की हाड प्रौढ. गुण कितीही नीट दिले, तरी ऐन पौगंडात निरोगी मुलांमध्ये वर्ष-दीड वर्षाचा फरक सहज असतो. ही मोजपट्टी बनवली ती मूल नीट वाढतंय का, हे डॉक्टरांना कळावं म्हणून. मूल खरं बोलतंय का, हे ठरवायला ती कुणी बनवलेली नाही, आणि माझा जीव तुटतो तो इथेच.

आमचा वकील तोवर शांत बसला होता. तो म्हणाला, "कोर्टाला हे कधीच कळलंय. 1982 मध्ये जया मालाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक होऊ शकते. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 94 वाच. आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची चाचणी."

"दाखले विकत मिळतात रे!" संज्याचा आवाज चढला. "चाचणी काढून टाकलीत तर खऱ्या वयाच्या पोरांना वाली कोण?"

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सुन्यानेही ते मान्य केलं आणि फुटबॉलचं उदाहरण दिलं. फिफाने 2009 पासून 17 वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय आणला. तिथे वय किती, हा प्रश्नच नसतो. मनगटाजवळच्या रेडियस हाडाची ग्रोथ प्लेट पूर्ण मिटलीय का, एवढंच बघतात, कारण 17 च्या आत ती पूर्ण मिटणं फार दुर्मीळ. मला हे पटतं. हाडाला झेपेल तेवढाच प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर विश्वासाने घेता येतं. एमआरआयचा खर्च गल्लीतल्या स्पर्धांना झेपणारा नाही, हेही खरं.

किरणांची भीती कुणीतरी काढली. हाताच्या एका एक्स-रेचे किरण आपल्याला निसर्गातून दिवसभरात मिळतात त्याहूनही कमी, एवढं सांगून सुन्याने तो मुद्दा मिटवला.

मग वकिलाने संज्याला विचारलं, "त्या पोराच्या दाखल्यावरची दुसरी तारीख बघितलीस?"

"कुठली दुसरी?"

"नोंदणीची. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. वय चोरायला काढलेला दाखला बहुधा उशिराच्या नोंदणीचा असतो, जन्मानंतर कित्येक वर्षांनी केलेला. पोर पाळण्यात असताना झालेली नोंद पुढे क्रिकेट खेळायला म्हणून कोण करेल?"

त्या आईने पाठवलेला फोटो संज्याच्या फोनमध्ये होता. त्याने तो मोठा करून पाहिला. नोंदणी जन्मानंतर दुसऱ्याच आठवड्यातली होती.

"चाचणी राहिलीच पाहिजे, यावर मी ठाम आहे," तो म्हणाला. "पण याच्या फेरतपासणीचा अर्ज मी लिहितो. सुन्या, ती फिल्म लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवायची तर कधी यायचं, ते सांग."