जिंकणाऱ्याला "आता बस" म्हणणारे आपण कोण?

आज डोकं फिरलंय म्हणून मोठं लिहितेय, वेळ नसेल तर सरळ स्क्रोल करा.

दुपारी आमच्या ग्रुपवर (इथल्या न्यू जर्सीच्या मैत्रिणींचा, नाव नाही सांगत, निम्म्या जणी हे वाचतायत) जेपर्डीचा (इथला टीव्हीवरचा क्विझ शो) विषय निघाला. एकीने टाकलं की एकच माणूस महिना महिना जिंकत बसतो ते फार बोअर होतं, पूर्वीसारखी पाच दिवसांची लिमिट परत आणा, बाकीच्यांनाही चान्स मिळू दे. खाली धडाधड अंगठे. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, आणि मग म्हटलं ग्रुपवर नको, भांडण होईल. इथे माझी भिंत आहे, इथे होऊ दे.

"बाकीच्यांनाही चान्स मिळू दे." हे वाक्य ऐकलं ना की अजून माझ्या कानामागे गरम होतं.

डोंबिवलीला आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजुषा असायची आणि ती मी लागोपाठ जिंकत होते. एका वर्षी मंडळाचे एक काका घरी आले, चहा घेतला, आणि बाबांना म्हणाले की यंदा हिला आपण गुण लिहायला बसवू, बाकीच्या मुलांनाही चान्स मिळू दे. मी तिथेच उभी होते. मला कुणी विचारलं नाही. बाबा भिडस्त माणूस, हो म्हणाले.

असो. भारतातल्या मंडळींसाठी, जेपर्डी म्हणजे आपलं केबीसी नव्हे. केबीसीत माणूस हॉट सीटवर एकदा बसतो, जिंकला हरला की घरी. इथे तिघं उभे राहतात, जो जिंकेल तो दुसऱ्या दिवशी परत येतो आणि समोर दोन नवे. हरेपर्यंत हेच. 2003 पर्यंत नियम होता, पाच दिवस जिंकलात की टाटा. तो काढला आणि पुढच्याच वर्षी केन जेनिंग्ज नावाचा सॉल्ट लेक सिटीचा सॉफ्टवेअरवाला आला आणि लागोपाठ 74 गेम जिंकला. चौऱ्याहत्तर! 25 लाख 20 हजार 700 डॉलर. जुना नियम असता तर हा माणूस पहिल्याच आठवड्यात नारळ घेऊन घरी गेला असता आणि आज त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. आज तोच शो होस्ट करतो.

आणि हे सोपं नाहीये हो. दिवसाला पाच एपिसोड शूट होतात, मध्ये फक्त शर्ट बदलायला वेळ, म्हणजे "उद्या" म्हणजे खरं तर अर्ध्या-पाऊण तासाने. शिवाय नुसतं उत्तर येऊन चालत नाही, बझर आहे. प्रश्न वाचून संपला की प्रश्नांच्या बोर्डच्या बाजूचे दिवे लागतात, त्याच्या आधी दाबलंत तर पाव सेकंद तुमचा बझर लॉक, तेवढ्यात दुसरा घेऊन जातो. उशीर झाला तरी तोच घेऊन जातो. त्या बारीकशा फटीत दिवसभर अंगठा मारत राहायचा आणि वर बुद्धीही चालली पाहिजे. हे जो चाळीस-चाळीस वेळा करतो त्याला आपण सोफ्यावर पाय पसरून चिप्स खात म्हणणार, बोअर मारतोय.

बरं, लोकांना नक्की कशाकशाचा त्रास होतो बघा. 2021 मध्ये मॅट अमोडियो आला, येलमध्ये पीएचडी करणारा पोरगा, 38 गेम जिंकला. इथे उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यायचं असतं, "हू इज अमुक" असं. तर लोकांची तक्रार काय, तो प्रत्येक उत्तराची सुरुवात "व्हॉट्स"ने करतो, माणसाचं नाव असलं तरी. नियमात बसतं! पण नाही, खटकतं. जेम्स होल्झहाउअर लास वेगासचा जुगारी (म्हणजे खेळांवर सट्टा लावणं हा त्याचा खरोखरचा व्यवसाय), तो बोर्डच्या तळातले महागडे प्रश्न आधी उचलायचा आणि डेली डबल (बोर्डमध्ये लपलेला प्रश्न, ज्यावर आपल्या कमाईतली रक्कम पणाला लावता येते) मिळाला की मोठमोठ्या बोली लावायचा. एका दिवसात 1,31,127 डॉलर जिंकला. तर म्हणे हा खेळाचा आत्मा मारतोय. हा माणूस तयारीसाठी लायब्ररीतली लहान मुलांची चित्रांची पुस्तकं वाचत होता, कारण त्यात माहिती सोपी करून दिलेली असते! मला तर उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हां, त्याचे बरेच गेम अर्ध्यातच संपल्यासारखे व्हायचे हे मान्य. मान्य म्हणजे काय, ते बाकीच्या दोघांनी बघायचं ना.

परत त्या गणपतीकडे येते कारण ते डोक्यातून जात नाहीये. मला खडू दिला आणि फळ्याशी उभं केलं. गट अ, गट ब, गट क. प्रश्न आला, लोणार सरोवर कुठल्या जिल्ह्यात? सगळे गप्प. मी हातात खडू घेऊन उभी, तोंडात बुलढाणा बुलढाणा बुलढाणा, आणि बोलायचं नाही. शेवटी परीक्षकांनीच उत्तर सांगितलं आणि मी तिन्ही गटांपुढे शून्य लिहिलं. आपल्याकडे सगळे हुशार मुलांचं कौतुक करतात, मात्र ते कौतुक एका मापापर्यंतच. मापाच्या वर गेलं की "किती ते, बस झालं आता". मुलगी असेल तर माप अजूनच लहान. तुम्ही सगळे स्कॉलरशिपच्या परीक्षा देऊन मोठे झालेले लोक आहात, तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको.

नवरा आत्ता मागून वाचून म्हणाला, एवढं काय मनावर घेतेस, टीव्ही शो आहे. त्याला जाऊन पोळ्यांची कणीक भिजव म्हटलंय.

आता खरा मुद्दा. लिमिट लावून तुम्ही फक्त जिंकणाऱ्याचं नुकसान करत नाही. त्याला जो हरवणार असतो त्याचंही करता.

केन जेनिंग्जला कुणी हरवलं? नॅन्सी झर्ग, कॅलिफोर्नियाची रिअल इस्टेट एजंट. 30 नोव्हेंबर 2004. त्या दिवशी केनचे दोन्ही डेली डबल चुकले होते, तरी शेवटच्या प्रश्नाआधी (त्यावरही तिघांनी बोली लावायची असते) त्याचे 14,400 आणि तिचे 10,000. प्रश्न असा की कुठल्या कंपनीचे बहुतेक 70,000 हंगामी पांढरपेशे कर्मचारी वर्षातले चारच महिने काम करतात. केनने लिहिलं फेडेक्स. तिने लिहिलं एच अँड आर ब्लॉक, म्हणजे टॅक्स भरून देणारे. (इथल्या कुठल्याही देशी माणसाला एप्रिलमध्ये झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं.) आणि तिने बोली किती लावली होती? 4,401. म्हणजे बरोबर आलं तर केनच्या 14,400 पेक्षा एक डॉलर जास्त. एक डॉलर! समोर 74 वेळा जिंकलेला माणूस उभा असताना ही बाई शांतपणे बेरीज करत होती. दुसऱ्या दिवशी ती स्वतः हरली, तिसरी आली. काय फरक पडतो?

एमी श्नायडर 40 गेम जिंकली. जानेवारी 2022 मध्ये शेवटचा प्रश्न आला, इंग्रजीत ज्याचं नाव एच अक्षराने संपतं असा जगातला एकमेव देश, लोकसंख्येत पहिल्या दहात. मी इथे सोफ्यावरून बांगलादेश बांगलादेश ओरडतेय आणि तिची पाटी कोरी. रोन टाल्स्मा जिंकला, शिकागोकडचा लायब्ररीयन. होल्झहाउअरला घरी पाठवणारी एमा बोचर, तीही शिकागोची लायब्ररीयन. त्या गावात काय खायला घालतात माहीत नाही. पाच दिवसांचा नियम असता तर नॅन्सी, रोन आणि एमा या तिघांच्या समोर हरवण्यासारखं कोण असतं सांगा? कुणीतरी काल जिंकलेला असाच.

आमच्या त्या वर्षी सी विंगमधला एक मुलगा पहिला आला. हुशार होता, दरवेळी माझ्या मागे दुसरा यायचा, आणि खरं सांगते, तो मला कधी ना कधी हरवणारच होता, गणितात तर माझ्या पुढेच होता. ढाल घेऊन खाली उतरला तेव्हा एक बाई त्याच्या आईला म्हणाली, यंदा ती नव्हती ना. मी फळा पुसत होते, मला ऐकू आलं. त्यालाही आलं असणार, चेहरा उतरला होता त्याचा. त्याचं फार वाईट वाटतं मला अजून. माझ्यापेक्षा त्याचं जास्त नुकसान झालं, आणि काकांना वाटलं त्याला चान्स दिला.

कमेंटमध्ये कुणीतरी लतादीदींचं काढणारच, की त्यांनी नवीन गायिकांना संधी मिळावी म्हणून फिल्मफेअर घेणं थांबवलं. थांबवलं. पण ते त्यांनी स्वतः, स्वतःच्या मर्जीने. त्यांच्या वडिलांकडे चहाला येऊन कुणी ठरवलं नव्हतं.

ते बरणीतल्या खेकड्यांचं उदाहरणही टाकू नका, प्लीज, हजारदा वाचलंय. आणि ग्रुपवाल्या बाईसाहेब, तू हे वाचत असशील तर रागावू नकोस, शनिवारी येतेच आहेस जेवायला, तेव्हा समोरासमोर बोलू. आता मला पोळ्या लाटायच्यात, सातला जेपर्डी लागतं, त्या अर्ध्या तासात फोन करू नका.