राजगिरा बार किट : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या रिव्ह्यूत चार तक्रारी आहेत. पहिल्या खेपेला बारचा भुगा झाला आणि दुसऱ्या खेपेला ते दाताने तुटेनात. जवळजवळ अर्धा गूळच असताना आम्ही त्याला हेल्दी म्हणतो. वाण्याकडचा सुटा राजगिरा निम्म्या भावात मिळतो. आणि सीलिअ‍ॅक (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या तुमच्या भाच्याचं पोट दुसऱ्या खेपेचे बार खाल्ल्यावर दुखलं. काय काय केलंत ते तुम्ही बारकाईने लिहिलंय, त्यामुळे नेमकं सांगता येतंय. भाच्याचं आधी सांगतो, कारण त्यापुढे बाकीचं किरकोळ आहे.

किटमधल्या लाह्या संपल्या म्हणून तुम्ही दुसऱ्या खेपेत एक वाटी साधे ओट्स घातले, राजगिऱ्याचं पीठ गिरणीतून दळून आणलं आणि मिश्रण पोळ्यांच्या लाटण्याने थापलं. या तिन्ही वाटांनी गहू आत येतो.

गिरणीच्या दगडांमध्ये आणि खाली पीठ येतं त्या कापडी नळीत आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. मूठभर राजगिरा आधी घालून तो बाजूला काढला तरी ते सगळं निघत नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन असतं. म्हणजे एक किलो राजगिऱ्याच्या पिठात पाव ग्रॅमभर कणीक गेली, तरी मर्यादा ओलांडली. पाव ग्रॅम कणीक चिमटीतही नीट जाणवत नाही. राजगिरा स्वतः ग्लुटेनमुक्त आहे, पण आपल्याकडे जवळपास सगळ्याच गिरण्यांवर गहू दळला जातो.

ओट्सचंही तसंच. शेतात, ट्रकमध्ये आणि कारखान्यात त्यांच्यात गहू आणि जव मिसळतात, म्हणून पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ असं स्पष्ट लिहिलेलेच ओट्स घ्यावेत. सीलिअ‍ॅकच्या काही रुग्णांना तर शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, त्यामुळे भाच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नकोत. लाकडी लाटण्याच्या रेषांमध्ये कणीक बसलेली असते आणि ती धुऊन जात नाही. पोळ्यांचं पीठ चाळायची चाळणी आणि लाकडी उलथणं यांनाही हेच लागू. बार थापायला सपाट बुडाची स्टीलची वाटी घ्या, तिला तूप लावा आणि मध्ये बटर पेपर ठेवा. पीठ लागलंच तर राजगिरा घरी मिक्सरमध्ये दळा, पण ज्या भांड्यात कधी गहू किंवा रवा फिरवलाय ते भांडं नको. आणि कणीक चाळल्या-मळल्यावर लगेच त्याच ओट्यावर बार करू नका. हवेत उडालेलं पीठ बराच वेळ खाली बसत असतं.

भाच्याचं पोट नेमकं कशाने दुखलं हे इथे बसून आम्ही ठरवणार नाही. दुखणं थांबलं नसेल तर डॉक्टरांना दाखवा आणि ओट्स, गिरणीचं पीठ दोन्ही घातलं होतं हे त्यांना आवर्जून सांगा.

आता भुगा आणि दगड. दोन्ही पाकामुळेच झालं. किटमध्ये 60 ग्रॅम लाह्या, 60 ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे, 30 ग्रॅम भोपळ्याच्या बिया, 20 ग्रॅम तीळ आणि 150 ग्रॅम चिक्कीचा गूळ असतो. गुळात पाणी दोनच मोठे चमचे, म्हणजे 30 मिली घालायचं. तुम्ही अर्धी वाटी घातलंत. पाणी जास्त असलं की गूळ लवकर फसफसतो आणि पाक झाल्यासारखा वाटतो, पण आत पाणी तसंच असतं. तो पाक लाह्या पितात, मऊ पडतात आणि वडी धरत नाही. गूळ विरघळला की आच मंद करा आणि दर अर्ध्या मिनिटाने गार पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकून बघा. पसरला तर कच्चा. बोटांनी गोळा होतो, दाबला की चपटा होतो पण विरत नाही, त्या क्षणी गॅस बंद करा. थर्मामीटर असेल तर 118 ते 120 अंश. थेंब कडक होऊन ‘कट्’ असा मोडला, तर तो चिक्कीचा पाक झाला. चिक्की पातळ असते म्हणून तो तिला शोभतो, दीड सेंटिमीटर जाड बारमध्ये तो दाताला लागतो.

दुसऱ्या खेपेत तुम्ही जाड बुडाची लोखंडी कढई वापरलीत. गॅस बंद केल्यावरही ती तापलेली राहते आणि पाक पुढे जातच राहतो. अशा कढईत थोडं आधीच, 115 अंशांच्या आसपास, थांबा आणि लगेच एक चमचा तूप व बाकीचं साहित्य घाला. शिवाय त्या खेपेला घरचा साधा गूळ होता. तो रवाळ असतो, त्याचा पाक रवा धरतो आणि वडी कोरडी, कडक होते.

एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात: लाह्या आणि दाणे पाकात घालण्याआधी कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं गरम करायचे. गार लाह्या पडल्या की पाक जागच्या जागी थिजतो, गुठळ्या होतात आणि उरलेल्या लाह्या कोरड्याच राहतात. पावसाळ्यात तर हे करायलाच हवं, लाह्या पाकीट उघडल्यापासून सादळायला लागतात. मिश्रण 20 सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये गरम असतानाच दाबा, पण लाह्या चिरडतील इतकं नको. आठ-दहा मिनिटांनी सुरीने बारा भाग आखा आणि पूर्ण गार झाल्यावर सुटे करा. गार झाल्यावर पहिल्यांदा सुरी लावली तर कडा ढासळतात.

गुळाचा तुमचा हिशेब बरोबर आहे. एका बारमध्ये साधारण 12 ग्रॅम गूळ जातो आणि गूळ साखरच आहे, म्हणून मधुमेह असणाऱ्यांना आम्ही हा बार सुचवत नाही. आम्ही त्याला हेल्दी म्हणतो ते राजगिरा, दाणे आणि बियांमुळे, आणि त्यात मैदा व वनस्पती तूप नसल्यामुळे. 120 ग्रॅमच्या खाली गूळ नेला तर बार सुटतात. गूळ नकोच असेल तर 150 ग्रॅम मऊ बिनबियांचा खजूर न धुता चिरून, एक चमचा तुपावर गोळा होईपर्यंत परता आणि त्यात 40 ग्रॅमच लाह्या घाला. मात्र खजुराच्या ओलाव्याने लाह्या एक-दोन दिवसांत मऊ पडतात, तेव्हा थोडेच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. साखर त्यातही असते, सोबत चोथा मिळतो इतकंच.

किमतीतला फरक आहेच. आमच्या लाह्या गहू न शिरणाऱ्या जागेत फोडल्या जातात आणि प्रत्येक लॉटची ग्लुटेन चाचणी होते. सुटा राजगिरा वाण्याकडे कणकेच्या पोत्याशेजारी, एकाच मापाने दिला जातो. घरात कुणाला सीलिअ‍ॅक नसेल तर तो खुशाल वापरा, बार तितकेच चांगले होतील. भाच्यासाठी वापरू नका.

पाकिटाच्या मागे खालच्या कोपऱ्यात लॉट नंबर आहे. तो मेसेजमध्ये कळवा, त्या लॉटचा चाचणी अहवाल पाठवतो. सोबत 150 ग्रॅम चिक्कीचा गूळ आणि 60 ग्रॅम लाह्या पाठवतो, त्याचे पैसे नकोत. पाकाच्या वेळी अडलात तर थेंबाचा फोटो पाठवा.