एअर डॅम काढल्याने पिकअपचं इंजिन थंड राहत नाही

काल रात्री पुतण्याने फोटो पाठवला. पिकअपच्या पुढच्या बंपरखालची काळी पट्टी, म्हणजे एअर डॅम, काढून जमिनीवर ठेवलेली, शेजारी वाटीत बोल्ट. खाली प्रश्न: "काका, फेकून देऊ ना?" हाच मुलगा पुढच्या आठवड्यात ट्रेलर जोडून लांबचा चढ चढणार आहे. म्हणून आता गप्प बसवत नाही.

त्याच्यापर्यंत पोचलेला मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय: एअर डॅम हे शोभेचं प्लास्टिक आहे, तो वारा अडवतो म्हणून डिझेल-पेट्रोल जास्त लागतं, काढला की खालून मोकळी हवा येऊन इंजिन थंड राहतं, आणि ऑफरोड (कच्च्या, खडकाळ वाटांसाठीच्या) मॉडेलना तो नसतोच, म्हणजे त्याची गरजच नाही.

आधी 'इंजिन थंड' हा मुद्दा, कारण खरं नुकसान तिथे आहे. समोर मोकळं आहे एवढ्यावर हवा रेडिएटरमधून जात नाही. पुढे दाब जास्त आणि मागे कमी असेल, तरच ती त्या बारीक जाळीतून ढकलली जाते. डॅम गाडीखाली घुसणारी हवा अडवतो, त्यामुळे त्याच्या मागे, इंजिनच्या खाली, दाब उतरतो. रेडिएटर ओलांडून आलेली गरम हवा त्या कमी दाबाकडे ओढली जाऊन खालून निघून जाते. पट्टी काढली की तिथे भसाभस हवा शिरते, दाब वाढतो आणि गरम हवेची वाट तुंबते. खालून आलेली ती 'मोकळी हवा' रेडिएटरला शिवतही नाही. मग कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली) उष्णता ती काढणार कशी?

"मी काढून महिना झाला, तापमानाचा काटा जागचा हलला नाही," हेही ऐकतो. गावात हळू चालवताना पंखा हवा ओढतो, तिथे डॅमचं काम नसतंच. कस लागतो तो हायवेच्या वेगात, भर उन्हात, मागे वजन असताना.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, शेवरोले सिल्व्हराडो या पिकअपच्या ओनर्स मॅन्युअलवर ठेवा. त्याच्या काही आवृत्त्यांमध्ये ऑफरोडला जाताना डॅम काढायला सांगितलंय, आणि सोबत बजावलंय की त्याच्याशिवाय जास्त काळ चालवलं तर इंजिनकडे जाणारा हवेचा प्रवाह बिघडू शकतो, म्हणून काम झालं की परत बसवा. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं 'काढा' तेवढं उचललं. १९८२ ते १९९२ च्या शेवरोले कॅमॅरोवाल्यांनाही विचारा. ती पिकअप नाही, शिवाय तिचा डॅम खालची हवा वर रेडिएटरकडे वळवतो. पण तो तुटला की गाडी हायवेवर तापते, हे ती दुरुस्त करणाऱ्यांना पाठ आहे.

इंधनाचं थोडक्यात. डॅमला वारा लागतो, खरं आहे. पण तो नसला की तोच वारा अ‍ॅक्सल, सायलेन्सर, चासी अशा ओबडधोबड भागांवर आपटतो आणि तिथला रोध सहसा जास्त असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. २०१९ च्या रॅम १५०० या पिकअपमध्ये ताशी ३५ मैलांचा वेग गाठला की डॅम आपोआप अडीच इंच खाली येतो, अशी सोय आहे. शोभेच्या प्लास्टिकला कुणी मोटर लावेल का?

ऑफरोडचा मुद्दा मात्र अर्धा खरा, नाइलाजाने का होईना, मान्य. खडकाळ चढावर किंवा चरातून जाताना ती पट्टी आधी टेकते आणि तुटते. फोर्ड रॅप्टर या ऑफरोड पिकअपला म्हणूनच ती नाही. पण तिचा पुढचा भाग मुळातच वेगळा बनवलेला आहे. साध्या पिकअपचे आठ-दहा बोल्ट काढून ती रॅप्टर होत नाही.

पुतण्याला कळवलंय: बोल्ट जपून ठेव, ट्रेलर जोडायच्या आधी पट्टी लाव. क्लिपा तुटल्या असतील तर नव्या आण. तारेने बांधू नकोस, वेगात सुटली तर चाकाखाली येईल.