आधी प्रदर्शन, मग राक्षस: सोलापुरी रविवार सत्कारणी लावण्याची रीत

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनाला जायचं तर रविवारी संध्याकाळी पाचलाच जावं, आणि तिथून थेट राक्षसाच्या सिनेमाला. सकाळी अकराला मंडप रिकामा असतो, स्टॉलवरच्या पोराला वेळ असतो, आणि वेळ असला की तो प्रश्नांची उत्तरं देत बसतो. उत्तरं मिळाली की खरेदी बारगळते. तेव्हा गर्दीतच घुसा. गाडी पार्क चौकाच्या बाजूला सापडेल त्या जागी कोंबा, होम मैदानात शिरा आणि दारातच लकी ड्रॉचं कुपन भरा. नाव, पत्ता, मोबाइल, महिन्याचं उत्पन्न, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं खरं लिहा. मिक्सर एकालाच लागतो. प्लॉट, विमा आणि कर्जवाल्यांचे फोन मात्र प्रत्येक कुपनाला लागतात.

पहिली गल्ली टीव्हीची. पडद्यावर पोपट, हवेत उसळणारे रंगाचे थेंब आणि काळ्या पार्श्वभूमीवर सावकाश फुटणारं डाळिंब दिसेल. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालंय खरं, पण एवढा लाल रंग त्यालाही अजून जमलेला नाही. ही फीत मुद्दाम पडदा विकण्यासाठीच बनवलेली असते: भरपूर उजेडात टिपलेली, हालचाल संथ, बारकावे भरपूर. संच दुकानी मोडवर असतो, म्हणजे ब्राइटनेस शंभरावर आणि पांढऱ्याला निळसर झाक. डोक्यावर मंडपाचे दिवे जळत असतात आणि त्या उजेडात जो सगळ्यात भडक तोच चांगला वाटतो. खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यातला रात्रीचा एखादा प्रसंग आणि बातम्यांचा दोन मिनिटांचा तुकडा लावायला सांगणं, वर सेटिंगमध्ये जाऊन 'सिनेमा' मोड निवडणं, हा निव्वळ आगाऊपणा आहे. पाच मिनिटांत पडद्याच्या कोपऱ्यांतून फाकणारा उजेड दिसायला लागतो, काळा रंग राखाडी निघतो आणि मूड जातो.

हिशोबही करू नये. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके. घरच्या केबलवरच्या साध्या वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. दर वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्हीने स्वतःच्या अकलेने भरायचे. स्वस्त संचाची अक्कल कुठे संपते ते निवेदिकेच्या केसांच्या कडेला बघावं. खोक्यावर एचडीआर, म्हणजे लख्ख आणि काळोख्या भागांतला फरक जास्त दाखवणारं तंत्र, असं लिहिलंय का, एवढंच तपासा. ते लिहिलेलंच असतं. एचडीआर सिनेमा तयार करताना लख्ख भाग हजार निट्सपर्यंत (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) किंवा त्याहूनही वर नेलेला असतो आणि तुमच्या बजेटमधलं पॅनेल २५०-३०० ला दम टाकतं. संच सिग्नल घेतो, ओळखतो, कोपऱ्यात पाटीही झळकवतो. उजेड तेवढा पाडत नाही.

मापाची टेप घरीच ठेवा. ६५ इंची टीव्ही साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ उंच असतो. बऱ्याच संचांचे पाय मधोमध नसून दोन टोकांना असतात, त्यामुळे शोकेसच्या कप्प्यात तो उंचीला बसला तरी पाय हवेत राहतात. मग भिंतीवरचा ब्रॅकेट घ्यावा लागतो. तो स्टॉलवर मिळतोच, आणि बाजारापेक्षा महाग मिळतो.

दुसऱ्या गल्लीत पाणी शुद्ध करण्याच्या मशीनचा स्टॉल. अख्ख्या प्रदर्शनात कलाकारी म्हणावी ती इथेच. ज्या गावात उजनीचं पाणी काही दिवसांआड नळाला येतं, तिथे या स्टॉलपुढे माणसं थांबणारच. टेबलावर दोन ग्लास: एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. पोरगा दोन्हीत धातूच्या सळ्यांचं एक यंत्र बुडवतो आणि बटण दाबतो. मिनिटाभरात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, मग नाल्यासारखं होतं. मशीनचं पाणी जसंच्या तसं. "मालक, हेच तुमची लेकरं पितात," तो म्हणतो. इथे डोळे विस्फारायचे आणि बायकोकडे बघायचं.

काय घडलं ते मनात आणू नका. त्या सळ्यांत लोखंडाची एक जोडी असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं, आणि वर तरंगणारा तो सगळा गाळ सळईचाच असतो. मशीनच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, वीज वाहत नाही, सळई शाबूत राहते. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बटण पुन्हा दाबायला सांगितलं, तर तेही पाणी तितकंच घाण होतं. म्हणून मीठ मागायचं नाही. शेजारी वड्याच्या गाड्यावर ते फुकट मिळत असलं तरी.

त्यानंतर टीडीएस मीटर. हे यंत्र पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा आकडा सांगतं. जंतू आहेत की नाहीत याचा त्याला पत्ता नसतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. मीटरवर ३०० दिसले तरी पोरगा मान हलवेल, तुम्हीही हलवा. घरगुती आरओ मशीन लिटरभर पाणी देताना साधारण तीन लिटर नळीतून बाहेर सोडतं. साठवून ठेवलेल्या टाकीचा असा सदुपयोग दुसरं कुठलं यंत्र करत नाही. ते सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येतं, पण एवढ्या हजारांचं मशीन घेतल्यावर बादली कोण लावणार?

एसीच्या स्टॉलवर फार थांबायचं कारण नाही. दीड टन हा आकडा बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश असताना मोजलेला असतो. सोलापुरात ३५ अंश म्हणजे फेब्रुवारी-मार्च. मे महिन्यात पारा बेचाळिशी गाठतो तेव्हा तेच मशीन कमी गार करतं आणि वीज जास्त खातं. वरच्या मजल्याची स्लॅब तापते ती वेगळी. हे विक्रेता सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, असा जुना करार आहे.

स्पीकरपुढे मात्र थांबा. कमरेएवढे दोन खांब, आत फिरते दिवे, सोबत कराओकेचा माइक आणि वर मोठ्या अक्षरात पाच हजार वॅट पीएमपीओ. मागे वाकून स्टिकर वाचायची फार इच्छा होते, आवरावी. तिथे २३० व्होल्ट, ६० वॅट असं लिहिलेलं असतं. भिंतीतून साठ घेऊन पाच हजार बाहेर काढणाऱ्या अशा दहा-बारा पेट्या महावितरणला दिल्या असत्या तर अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांना वीजबिलाची काळजी उरली नसती. पीएमपीओ हा क्षणाच्या अंशापुरता, तोही कागदावर गाठलेला आकडा. आरएमएस, म्हणजे सलग टिकणारी ताकद, किती, हा प्रश्न विचारला की पोरगा गाण्याचा आवाज वाढवतो.

पॉवर बँक घेताना वजन बघू नका. २०,००० एमएएचचा खरा नग बहुधा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे भरतो, कारण तेवढे सेल आत मावायला लागतात. हातातला दीडशे ग्रॅमचा असेल तर हलका आहे म्हणून कौतुक करावं. आतले सेल ३.७ व्होल्टचे, फोनला लागतात ५. मधली घट धरली तर अस्सल मालातूनही बारा-साडेबारा हजारच हाती येतात.

काळ्या कापडाच्या खोपटात छोटा प्रोजेक्टर लावलेला असेल. पाटीवर ९,००० लुमेन उजेड आणि १०८० पी, म्हणजे फुल एचडी, चालतं. चालतं म्हणजे ती फाइल तो स्वीकारतो आणि आतल्या ८०० गुणिले ४८० च्या काचेत दाबून बसवतो. लुमेन मोजायची अँसी या अमेरिकी मानक संस्थेची प्रमाणित पद्धत लावली तर अशा नगाचा आकडा बहुधा शे-दीडशेवर उतरतो. खोपटाचं कापड बाजूला करून बाहेरचा उजेड आत घेणं शिष्टाचाराला धरून नाही.

पैसे हप्त्यानेच द्या. चोवीस हजारांचा टीव्ही, बारा हप्ते, महिना दोन हजार, व्याज शून्य. व्याज असतंच, रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत तुम्हाला न देता ते भागवलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्ड असेल तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. शून्य टक्के व्याजाच्या असल्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच डोळे वटारले होते. तेव्हापासून पाट्या बदलल्या.

असा तीन तासांचा अभ्यास झाला की राक्षसाच्या सिनेमाला जायला माणूस तयार होतो. हा सिनेमा थ्रीडीतच बघावा. २०१० च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात जगातल्या बड्या कंपन्यांनी घरोघरी थ्रीडी टीव्ही येणार म्हणून सांगितलं होतं. २०१७ पर्यंत त्यांनी ते बनवणं बंद केलं, पण थिएटरात चष्मे अजून आहेत, आणि ते धुतलेले असतातच असं नाही.

चष्म्याचा फायदा समजून घ्या. थिएटरच्या पडद्यावर साध्या सिनेमासाठी ४८ निट्स उजेड असावा असं प्रमाण आहे. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत पंधरा पोचले तरी ठीक मानतात. प्रोजेक्टरचा दिवा आयुष्य संपत आलेला असला आणि तो बदलायचं मालकाने पुढे ढकललं असलं, तर त्याहून कमी. राक्षस येतो तो रात्री, पावसात, धुरातून. संगणकावर केलेल्या कातडीचे जोड अंधारात झाकले जातात, मागचं शहर तपशिलात रंगवावं लागत नाही, म्हणून निर्मात्याला रात्र प्रिय. त्याची रात्र आणि आपला दिवा एकत्र आले की तिकिटाच्या पैशांत तासभर काळा पडदा बघायला मिळतो. मधून आवाज येतात, त्यावरून मारामारी चालू आहे हे कळतं.

आवाजाचंही असंच आहे. सिनेमाचा आवाज मिसळताना थिएटरचं बटण सातवर आहे असं धरलेलं असतं. कुणीतरी कान दुखल्याची तक्रार करतं, बटण पाचवर येतं आणि तिथेच राहतं. मग डरकाळी शेजारच्या बंगल्यातून आल्यासारखी ऐकू येते आणि शास्त्रज्ञाचे संवाद मुळीच येत नाहीत. संवादांचं नुकसान नाही. घटस्फोटित शास्त्रज्ञ, रुसलेली मुलगी, नकाशावर लाल ठिपके आणि कुणाचं न ऐकणारा जनरल एवढं आधीच माहीत असतं. हिंदी डबिंगमध्ये कुणीतरी "ये तो और बड़ा हो रहा है!" असं ओरडेल तेव्हा पॉपकॉर्न संपलेले असावेत.

राक्षसाला वजन का वाटत नाही, हे कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका, बाजूची रांग चिडते. मोठी वस्तू पडायला वेळ घेते. १९५४ च्या जपानी 'गोजिरा'त ५० मीटरचा प्राणी म्हणून रबरी पोशाखातला माणूस चालत होता, म्हणजे साधारण एकास पंचवीस. अशा वेळी प्रमाणाच्या वर्गमुळाइतक्या पटीने कॅमेरा जोरात फिरवावा असा ठोकताळा आहे: पंचविसाचं वर्गमूळ पाच, नेहमीच्या चोवीस गुणिले पाच, सेकंदाला १२० फ्रेम; दाखवताना चोवीसच, म्हणून हालचाल संथ दिसते. तेवढं नाही तरी नेहमीपेक्षा जोरात फिरवून त्यांनी चाल जड केली. आताचा शंभर मीटरचा प्राणी शेळीसारखा इमारतींवरून उड्या मारतो, कारण संगणकात त्याला कुणी अडवत नाही. गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवलंय की उंची दहापट केली तर वजन हजारपट होतं आणि हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच वाढतं. त्या हिशोबाने हा प्राणी पहिल्याच उडीत स्वतःच्या पायात बसायला हवा. बसला असता तर सिनेमा लवकर सुटला असता.

राक्षस दाखवत नाहीत म्हणून कुरकुरू नका. ती परंपरा आहे. १९७५ च्या 'जॉज'चा यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून दिग्दर्शकाने तो कमी दाखवला आणि लोक जास्त घाबरले. आता काही बिघडत नाही, तरीही कमी दाखवतात, कारण प्रत्येक फ्रेमला पैसे पडतात. दाखवण्याजोगं होतं ते दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये आलेलं असतं, आणि ते तुम्ही फोनवर, भर उजेडात, फुकट पाहिलेलं असतं. मध्यंतर परदेशी सिनेमात नसतंच. इथे ते निम्म्यावर कापतात, बहुधा पहिली शेपटी दिसते त्याच क्षणी.

शेवटची नामावली संपेपर्यंत बसून राहा. दहा मिनिटांनी एक अंडं दाखवतात.

दोन महिन्यांनी तोच सिनेमा घरच्या नव्या टीव्हीवर लावा. कारखान्यातून चालू आलेलं मोशनचं सेटिंग बंद करू नका. ते चोवीस फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसवतं आणि न्यूयॉर्क बुडवणारा राक्षस सासू-सुनेच्या मालिकेतला दिसायला लागतो. पहिल्या पावसाळ्यात पडद्यावर उभी रेघ आली, तर स्टॉलवाल्याला फोन लावू नका, मंडप दहा दिवसांतच उठलेला असतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते; बिल, त्यावरचा जीएसटी क्रमांक आणि टीव्हीच्या पाठीवरचा सिरियल नंबर जवळ असला तर ती टिकते. बिल मशीनच्या गुळगुळीत कागदावरचं असेल आणि मे महिना पत्र्याखालच्या कपाटात काढला असेल, तर त्यावरची अक्षरं उडालेली असतात. खरेदीच्या दिवशी झेरॉक्स दोन-तीन रुपयांत निघाली असती. म्हणूनच ती काढायची नाही.