फुल रेसला बंद पडणारं बोटीचं इंजिन (ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर): तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की ४० एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम आमच्याकडे दुरुस्तीला टाकलं, कार्बोरेटर साफ करून आणि प्लग बदलून आम्ही ४,२०० रुपये घेतले, आणि सायखेड्याला नदीत उतरवलं तर पुन्हा तेच. स्लोला चांगलं, फुल रेस दिली की तीन-चार मिनिटांत दम तोडतं. शेवटी विचारलंय, "ड्रममध्ये चालवून दाखवलं म्हणजे झालं का?"

नाही झालं. ड्रममध्ये इंजिन उतरवलं की पाणी पंख्याबरोबर गोल फिरतं, फेसाळतं, खरा लोड येतच नाही आणि फुल रेस देताही येत नाही. शिवाय ते इंजिन चाललं आमच्या टाकीवर आणि आमच्या पाइपवर. तुमची टाकी, पाइप, बल्ब (पाइपमधला हाताने दाबायचा रबरी फुगा) आम्ही मागवायलाच हवे होते. ती चूक आमची आहे.

आता मुद्द्याचं. स्लोचा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) तुंबला तर इंजिन स्लोला टिकत नाही, बंद पडतं. मेन जेट तुंबला तर रेस देताक्षणी अडखळतं, तीन-चार मिनिटं वाट बघत नाही. तुमचं इंजिन आधी नीट पळतं आणि मग मरतं, म्हणजे पेट्रोल हळूहळू कमी पडतंय. एवढं इंजिन फुल रेसला तासाला १५ लिटरच्या वर पितं, म्हणजे मिनिटाला पाव लिटर. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल किंवा मातीने बुजला असेल, तर तेवढी हवा आत जात नाही, टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोत नव्या प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरंफटक दिसतंय, ते तपकिरी हवं. पेट्रोल कमी पडतंय हेच तेही सांगतं.

नदीवरच तपासा, पण दोघं जा आणि लाइफ जॅकेट घाला. एकाने इंजिन धरायचं, दुसऱ्याने बल्बवर हात ठेवायचा. इंजिन दम तोडायला लागलं की बल्ब दाबत राहा. उचललं, तर दोष पुरवठ्यात. त्याच वेळी बल्बकडे बघा. चपटा झाला असेल तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू, नाहीतर टाकीतल्या नळीची जाळी. झाकण सैल करताना सुस्स करून हवा आत गेली तर शोध तिथेच संपला. बल्ब फुगलेला पण मऊ राहत असेल, तर पाइपच्या कनेक्टरमधल्या ओ-रिंगमधून (गोल रबरी रिंग) हवा ओढली जातेय किंवा इंजिनवरच्या फ्युएल पंपाचा पडदा गेलाय. बल्ब दाबून काहीच फरक पडला नाही, तर मात्र प्लगला ठिणगी देणारी कॉइल आणि वायरिंगकडे वळावं लागेल, ते आमच्यावर सोडा.

सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे दुसऱ्या बोटीची टाकी आणि पाइप लावून तीच फेरी मारणं.

टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी वाढलं की इथेनॉलला घेऊन खाली बसतं, बाटलीत वेगळा थर दिसतो. थर दिसला तर ते पेट्रोल टाकून द्या, गाळून वापरू नका. जुन्या रबरी पाइपचंही आतलं अस्तर इथेनॉलने सुटतं; बाहेरून पाइप ठणठणीत, आत मात्र ते अस्तर लोडवर पडद्यासारखं आडवं येतं. म्हणून पाइप फुंकून बघण्यापेक्षा बदललेला बरा.

जलपर्णीची शंका तुम्ही घेतली ती रास्त आहे, तुमच्याकडे नदीत ती असतेच. पण ती पंख्यात अडकली तर इंजिन लगेच जड होतं, आणि इंजिन थंड करणारं पाणी आत घेणारी जाळी बुजली तर मागून पडणारी पाण्याची धार बारीक होते. धार जोरात आहे असं तुम्हीच लिहिलंय.

एक कळकळीची विनंती: दोष सापडेपर्यंत, वर सांगितलेली तपासणी सोडली तर, अर्ध्या रेसच्या वर नेऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. त्यावर उपाय म्हणून कुणी ऑइल वाढवायला सांगितलं तर ऐकू नका, लिटरला २० मिली हेच प्रमाण ठेवा.

मजुरीचे १,५०० रुपये परत करतो. प्लग आणि गॅस्केट तुमच्या इंजिनात आहेत, त्याचे पैसे राहू द्या. पाइप, बल्ब, ओ-रिंग आणि पंपाचा पडदा घेऊन आम्हीच सायखेड्याला येतो आणि तुमच्याच बोटीवर, तुमच्याच टाकीवर सलग २० मिनिटं फुल रेसला चालवून दाखवतो. पुराच्या दिवसांत ही बोट माणसं काढायला लागते, त्यामुळे हे पावसाआधी उरकायचं आहे. सोयीचा दिवस फोनवर कळवा, आणि त्या दिवशी टाकी निदान अर्धी भरलेली ठेवा.