ड्यूक वेडा नाही, आणि ब्राउनिंग ड्यूक नाही

इंग्रजी साहित्याच्या परीक्षा जवळ आल्या की एक तयार वाक्य हातोहात फिरतं: 'व्हिक्टोरियन नाट्यात्म एकभाषितांतले बोलणारे सगळे एकाच माळेचे मणी. बायको-प्रेयसीचा जीव घेणारे वेडे पुरुष, आणि त्यांच्या तोंडून बोलतो तो कवीच.'

नाट्यात्म एकभाषित म्हणजे कवीने घडवलेलं एकच पात्र बोलत राहतं, अशी कविता. आधी वेडाचं बघू. 'पॉर्फिरियाचा प्रियकर' तिच्याच केसांनी तिचा गळा आवळतो आणि रात्रभर तिचं डोकं खांद्यावर घेऊन बसतो. १८३६ साली छापलेल्या या कवितेला १८४२ मध्ये ती लिहिणाऱ्या कवी रॉबर्ट ब्राउनिंगनेच आपल्या संग्रहात 'वेड्यांच्या कोठड्या' या मथळ्याखाली घातलं. तिथे 'वेडा' म्हणा, हरकत नाही. पण त्याच १८४२ च्या संग्रहातल्या 'माय लास्ट डचेस' या कवितेत बोलणारा, इटलीतल्या फेराराचा ड्यूक? तो दुसऱ्या लग्नाची बोलणी करतोय. समोर मुलीकडचा दूत आहे, हुंड्याचा विषय निघतो, आणि मधेच भिंतीवरचं पहिल्या बायकोचं चित्र दाखवत तो सांगतो, मी हुकूम दिले, मग सगळी हसू एकदम थांबली. बस, एवढंच. हुकूम कसला, हे पुढे कुणी विचारलं तेव्हा ब्राउनिंग आधी म्हणाला, मारून टाकायचा. मग जरा थांबून म्हणाला, किंवा मठात कोंडायचा! ड्यूकचा शब्दन् शब्द तोलूनमापून आलेला आहे. यमकंसुद्धा अशी, की वाक्य ओळ ओलांडून पुढे जातं आणि यमक कानाला जाणवतच नाही. प्रियकराला ऐकणारं कुणी नाही. ड्यूकला ऐकणारा आहे आणि त्याने काय ऐकावं हेही ठरलेलं आहे. तुलना करायची तर इथे करा. 'दोघेही खुनी' हे तर पहिल्या वाचनातच कळतं.

'सगळे पुरुष' हे तर साफ चूक. ऑगस्टा वेब्स्टर या कवयित्रीच्या १८७० च्या 'अ कास्टअवे'मध्ये युलाली ही श्रीमंतांची वेश्या आपली लहानपणची रोजनिशी वाचत बसते, आणि वकील, धर्मोपदेशक, व्यापारी यांचे धंदे आपल्या धंद्याशेजारी ठेवून मोजते. ती कुणाचा जीव घेत नाही, फक्त हिशेब मांडते.

राहिला कवी. ही बोलणी काल्पनिक माणसांची आहेत, माझी नाहीत, असं ब्राउनिंगने १८४२ मध्येच छापून ठेवलं होतं. आपल्याकडे ब्राउनिंग वाचलेल्या भा. रा. तांब्यांनी नाट्यगीतं लिहिली, म्हणजे रंगभूमीवरची पदं नव्हेत, तर एखाद्या पात्राच्या तोंडच्या कविता. त्यांतली बावरलेली नववधू म्हणजे तांबेच, असं कुणी म्हणतं का? एक मात्र कबूल. त्याच काळातला कवी टेनिसन याची 'युलिसिस' ही ग्रीक पुराणकथेतल्या राजाच्या तोंडची कविता १८३३ मध्ये जिवलग मित्र हॅलम गेल्यानंतर लिहिली गेली आणि ते दुःख तिच्यात आहे. पण म्हातारपणी राज्य मुलाच्या गळ्यात टाकून, 'त्याचं काम तो करतो, माझं मी' म्हणत गलबताकडे निघालेला राजा टेनिसन नव्हे. तेव्हा टेनिसन चोविशीचा होता.