मुखवटा काढल्यावर जो दिसतो, त्याचं कास्टिंग करा

नवा सुपरहिरो कोणी साकारावा यावरून पुन्हा वादाला तोंड फुटलंय. आणि पुन्हा मोजमाप त्याच गोष्टींचं: उंची, जबडा, दंड, कॉमिकमधल्या चित्राशी चेहरा किती जुळतो. आवडत्या नटाचा चेहरा सूटवर चिकटवून पोस्टर टाकलं की खाली नुसती हाणामारी. हे वाद मला मनापासून आवडतात, कारण ज्याला या पात्रांचं काहीच पडलेलं नाही तो भांडणारच नाही. पण मंडळी, आपण चुकीच्या माणसाचं कास्टिंग करतोय. सूटमधल्या माणसाचं.

सूट चढला की निम्मं काम नटाकडे उरतच नाही. उडी स्टंट डबल मारतो, उड्डाण व्हीएफएक्सवाले घडवतात. शरीरसुद्धा कमावता येतं. १९७८च्या 'सुपरमॅन'साठी ख्रिस्तोफर रीव्हची निवड झाली तेव्हा तो चांगलाच सडपातळ होता. डेव्हिड प्राउजनं, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या खलनायक डार्थ व्हेडरच्या सूटमधल्या माणसानं, त्याच्याकडून व्यायाम करून घेतला आणि शरीर भरलं. जिममध्ये घडणार नव्हता तो क्लार्क केंट, म्हणजे सूट उतरवल्यावरचा, चष्मा लावणारा साधा पत्रकार.

त्या सिनेमातला लोइसच्या, म्हणजे त्याच्या सहकारी पत्रकाराच्या घरातला प्रसंग आठवा. सुपरमॅन म्हणून तिला आकाशात फिरवून आणल्यावर हा पठ्ठ्या क्लार्क बनून दारात उभा. ती आत गेल्यावर त्याला वाटतं, आता खरं सांगून टाकावं. तो चष्मा काढतो, पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. डोळ्यांदेखत दुसराच माणूस उभा राहतो, एकही कट नाही, एकही इफेक्ट नाही. मग धीर सुटतो, चष्मा परत नाकावर, खांदे पुन्हा पडलेले. चष्म्यानं कुणी ओळखू येत नाही हे खरं कसं मानायचं, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग दाखवते. ही पात्रं म्हणजे मुळात डबल रोल, आणि त्यातला अवघड रोल साध्या माणसाचा.

'हीथ लेजरच्या वेळीही तुम्ही असंच बोलला होतात' हे वाक्य प्रत्येक वादात कुणीतरी फेकतंच; जोकरसाठी त्याला निवडलं तेव्हा चाहते नाराज होते, आणि नंतर तोच गाजला. मायकल कीटनचंही तसंच. १९८८ साली बॅटमॅनसाठी त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे ५० हजार पत्रं गेल्याचं सांगितलं जातं. पण यावरून 'चाहत्यांना काही कळत नाही' हा निष्कर्ष काढणं मला अजिबात पटत नाही. चाहते विनोदी सिनेमांतला कीटन बघत होते, दिग्दर्शक टिम बर्टन ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा माणूस, शोधत होता. त्याचा तर्क सरळ होता: ज्याचं अंग मुळातच पिळदार आहे त्याला वटवाघळाचा वेश कशाला लागेल? म्हणून नायिका व्हिकीच्या घरी खरं सांगायला आलेला, शब्द न सापडून चाचपडणारा कीटनचा ब्रूस आजही विश्वसनीय वाटतो.

दिसणं बिनमहत्त्वाचं, असं मी म्हणत नाही. पण ह्यू जॅकमन ६ फुटांहून उंच, कॉमिकमधला वुल्व्हरिन ५ फूट ३ इंच, आणि आज जॅकमनशिवाय तो आठवतच नाही. उलट हेन्री कॅव्हिल. चित्रातून उतरल्यासारखा सुपरमॅन! पण २०१३च्या सिनेमात तो 'डेली प्लॅनेट'मध्ये, म्हणजे क्लार्कच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, पाऊल ठेवतो ते थेट शेवटी. क्लार्क रंगवायला त्याला जागाच दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. एवढा देखणा नट, आणि त्याचा क्लार्क आपल्याला नीट भेटलाच नाही.

स्पायडरमॅन म्हणून टोबी, अँड्र्यू की टॉम, या वादात मी शिरत नाही, तो संपणारा नाही. फक्त 'स्पायडरमॅन २'मधली ट्रेन आठवा. ती थांबवून टोबी बेशुद्ध पडतो, मुखवटा चेहऱ्यावर नाही, आणि प्रवाशांना दिसतं की हा तर पोरगाच आहे. तिथे चेहरा निर्ढावलेल्या हिरोचा असता तर सगळा प्रसंग कोसळला असता.

२०२५च्या 'सुपरमॅन'आधी डेव्हिड कोरेनस्वेटच्या सूटवर, अगदी बूट चढवतानाच्या पहिल्या फोटोवरही, किती काथ्याकूट झाला! मला मात्र तो पटला लोइसच्या घरातल्या मुलाखतीत. उड्डाण नाही, मारामारी नाही. ती प्रश्न विचारत जाते आणि हा चिडतो, दुखावतो, आपलं बरोबर होतं हे तिला पटत कसं नाही म्हणून कासावीस होतो.

तेव्हा कमेंटमध्ये नावं जरूर सुचवा, खुशाल भांडा. फक्त पोस्टर टाकू नका. त्या नटाचा असा एक प्रसंग सांगा, ज्यात तो घाबरलाय, खोटं बोलतोय किंवा काहीतरी लपवतोय, आणि तुम्हाला त्याच्यावरून नजर हटवता आली नाही.